चौदा नंबर

ऑर्व्हिलचे गुडघे गेले, म्हणून वर मी.
बावीस वर्षांची, अंगाने किरकोळ.
"तुझ्यासारखीलाच घुसता येतं," तो म्हणाला
आणि खाली पॅनेलपाशी बादली उपडी घालून बसला.
दुलुथ. जानेवारी. उणे एकोणतीस.
सरोवरावरून येणारा वारा घराचे सांधे चाचपत होता.

माळ्याचं दार म्हणजे कपाटाच्या छताला एक चौकोन.
डोकं आत घातलं की आधी वास:
उंदीर, जुनं डांबर,
कुणी कधीतरी वाळत घातलेली सफरचंदं.
छपरातून खाली डोकावणाऱ्या प्रत्येक खिळ्याला
गोठलेल्या दवाचं पांढरं टोपण.

तुळईपासून तुळई सोळा इंच.
पाय चुकला तर मी थेट
टेक्ला वुओरीच्या पलंगावर,
प्लास्टर आणि नव्वद वर्षांच्या धुळीसकट.
म्हणून गुडघा, तळहात, गुडघा,
करड्या भुश्शातून पोहल्यासारखी,
आणि मागे केबल, पिवळी, हट्टी,
वेटोळ्याची सवय न सोडणारी.

जुन्या तारा अजून तिथेच होत्या.
चिनीमातीच्या बोंडांवर ताणलेल्या, दोघी शेजारी शेजारी,
कापडी आवरण केसाळ झालेलं.
टेस्टर लावला. मेलेल्या.
तरी झोपलेल्या माणसाला वळसा घालावा
तशी मी बाजूने गेले.

दोन सर्किटं हवी होती तिला.
एक शिलाई मशीन आणि इस्त्रीसाठी.
दोन्ही एकदम लावली की स्वयंपाकघर काळोखात जायचं.
आणि दुसरं?
ऑर्व्हिलने वहीत लिहून विचारलं,
टेक्लाला नवव्या वर्षापासून ऐकू येत नाही.
तिने खाली लिहिलं: नुसतं आणून ठेवा.
त्याने जादा पैशांचा आकडा लिहिला.
तिने तो वाचला, वही मिटली.

आता भिंत काही वरून दिसत नाही.
धुराड्यापासून सात फूट मोजले,
पण जुन्या घरात सात फूट कधी सात नसतात.
"ठोक!" मी ओरडले. ऑर्व्हिलने ठोकलं,
आणि आवाज सगळ्या घरभर सांडला,
कुठून वेचायचा?
वैतागून ड्रिल लावलं, अंदाजाने, फळीच्या माथ्यावर.

थोड्या वेळाने खालून ऑर्व्हिल:
"थांब! ती म्हणते तू न्हाणीच्या भिंतीत शिरतेयस.
हातभर डावीकडे ये."
तिने भिंतीला तळहात लावला होता.
मी भोक पाडत होते आणि तो हात
प्लास्टरवरून सरकत माझ्या मागे मागे येत होता,
शिंप्याच्या निळ्या खडूने फुल्या मारत.

डावीकडे. दुसरं भोक. पोलादी पट्टी आत सोडली.
ठक्. आडवं लाकूड.
ते तिने कान न लावता सांगितलं, फुलीवर गोल करून.
खालून तेवढंच प्लास्टर फोडलं,
लाकडाला खाच पाडली,
मग पट्टी सरसरत गेली, आणि मी वाट पाहत राहिले,
नाक गोठलेलं, बॅटरीच्या उजेडात स्वतःचीच वाफ.

दोन हलके झटके.
ऑर्व्हिलचे नव्हेत. ऑर्व्हिल ओढतो ते
गळाला मोठा मासा लागल्यासारखं.
हे बेताचे होते,
दोरा तुटू नये असं पाहणाऱ्या हाताचे.
मी केबल बांधली, चिकटपट्टी गुंडाळली,
दोन झटके परत दिले.
ती ओढायला लागली. मी सोडत गेले.

संध्याकाळी मशीनचा छोटा दिवा लागला,
इस्त्री तापली, स्वयंपाकघर जागं राहिलं.
दुसऱ्या केबलची टोकं मी टोप्या घालून डब्यात बंद केली,
वर कोरी पांढरी पट्टी.
पॅनेलच्या दारावरच्या यादीत ऑर्व्हिल लिहीत होता:
तेरा, शिवणखोली.
चौदापाशी त्याने पेन्सिल तिच्यापुढे धरली.
ती बराच वेळ उभी राहिली,
मग लिहिलं: नंतर.

माझ्या केसांतला भुस्सा तिने कपड्याच्या ब्रशने झाडला,
मी काय तिची पाहुणी असल्यासारखी.
गाडीत ऑर्व्हिल म्हणाला, "नंतर म्हणजे कधी?
बाई त्र्याऐंशीची आहे."
मी काच पुसत होते.
अंग मात्र पुढे तीन दिवस खाजत होतं.